पंचेचाळीस अंश

आठवीचा युनिफॉर्म बेतताना
हेमांगीचं माप घेतलं, खांद्यापासून कमरेपर्यंत.
डावीकडून साडेतेरा,
उजवीकडून सव्वाचौदा.
टेप ताणली गेली असेल म्हणून
चोपड्याच्या बाजारातून नवी आणली.
नवीही तेच म्हणाली.

मग कुणाला न सांगता
एका खांद्यात पातळ अस्तर भरलं,
घेर तिरका कापला, अंगावर सरळ पडावा म्हणून.
वहीत दोन्हीकडं चौदा लिहिलं.
वर्षभर मी हे असं शिवत राहिलो.
गावाला वाटायचं, काय बसतो अंगात पोरीच्या ड्रेस!

जळगावच्या डॉक्टरनं एक्सरे खिडकीला धरला,
पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या,
मिळाल्या तिथं लिहिलं चौतीस.
मी म्हटलं, इंच?
अंश, तो म्हणाला.
वीस-बावीस असते तर नुसतं बघत राहिलो असतो.
पंचेचाळीस ओलांडले तर ऑपरेशनचं बोलू, सळ्या, स्क्रू, नाशिक.
सध्या ब्रेस. वाढ थांबेपर्यंत. दिवसाचे वीस तास.

सरळ होईल?

वाढू द्यायचं नाही, एवढंच.

यावलकडचा हाडवैद मणके बसवतो,
असं तीन गिऱ्हाइकांनी सांगितलं.
दार आहे का मी, बसवायला?
हेमांगी आतून ओरडली.

प्लास्टिकचं ते कवच.
पहिल्या आठवड्यात बरगडीशी लाल वळ उठले.
तिथं मला काहीतरी करता आलं:
मऊ होजिअरीच्या सहा बंड्या शिवल्या,
शिवण बाहेरच्या अंगाला,
आतून एक धागा रुतणार नाही अशा.
तीस वर्षांत पहिल्यांदा
कपडा उलटा शिवून सुलटा म्हणून दिला.

मे महिना. पत्रा तापलेला, पंखा गरम.
ब्रेसच्या पट्ट्यातून घाम थेंबथेंब खाली.
पेपरात मथळा: पारा पंचेचाळीसवर.
ती वाचता वाचता थांबली.
मी मशीनचं चाक हातानं धरलं.
मग हसली.
आपलं नाही आबा, जळगावचं.

दिवाळीच्या आधी पुन्हा फोटो आहे.
तोवर रात्री जेवणाआधी
ती पट्टे सोडते, कर्र कर्र कर्र,
आणि पाठ खाजवत दुकानाच्या ओट्यावर बसते.
काल लग्नातल्या ड्रेससाठी माप द्यायला उभी राहिली.
अस्तर नको भरू, म्हणाली.
वही ओढून बघितली.
आणि खरं लिही.

साडेतेरा.
सव्वाचौदा.
अक्षर थोडं हललं माझं.