एकसष्ट मुलं

एकसष्ट मुलं. इयत्ता सहा, खोल्या चार.
तिसरी-चौथी एकाच फळ्यापुढे बसतात,
मधे फक्त पृथ्वीच्या गोलाचं टेबल,
ज्याच्यावर सोव्हिएत संघ अजून आहे. गुलाबी.

लीलंड, तू गाडीतच थांबलास.
म्हणालास, आत आलो तर हो म्हणून बसेन.
तुझा हिशेब पक्का: दोघांची फी म्हणजे
ट्रकचा गिअरबॉक्स, वर तळघराची ओल.
आणि हायवेपलीकडची ती शाळा फुकट,
पोहायचा तलाव, वाद्यांच्या तीन खोल्या,
काचेची दारं आपोआप बाजूला सरणारी.
खोटं कशाला बोलू, मलाही तिथे हायसं वाटलं होतं.
कुणी नावसुद्धा विचारलं नाही.

इथे दार ढकलावं लागतं, खांद्याने.
कागदाची गिरणी बंद पडली त्या वर्षी
चौकट जी फुगली ती फुगलीच.
आत ओल्या मोज्यांचा वास, मेणाचा,
आणि शुक्रवारी तळलेल्या माशांचा, मंगळवारी.
त्या माशांच्या पैशांवर बॉयलर चालतो
हे नंतर कळलं.

मिसेस वाखोवियाक मुख्याध्यापिका आहेत
हे मी ओळखलंच नाही. फरशीवर बसून
त्या एका पोराच्या जाकिटाची चेन दातांनी ओढत होत्या.
"या," म्हणाल्या, चेन तोंडात तशीच.

कोरीनने अख्ख्या शाळेला एकच प्रश्न विचारला:
हॅमस्टर मेला तर प्रार्थना कोण म्हणतं?
"त्या दिवशी पिंजरा धुवायची पाळी ज्याची, तो."
हे तिला पटलं.
टोबायस माझ्या कोटामागून हलेना.
पाचवीतली एक दात पडकी मुलगी आली,
न विचारता त्याची टोपी काढून
तिने खुंटीला अडकवली
जणू तो कालही आला होता.

वर भिंतीवर तो. लाकडी, हात पसरलेला,
एका अंगठ्याचा टवका उडालेला.
आईला पुरल्यापासून मी त्याच्याशी बोललेले नाही.
नऊ वर्षं.
त्यानेही विषय काढला नाही.

मग अर्ज. नाव, लशी, अ‍ॅलर्जी,
आणि एक रकाना: तुमचं चर्च कोणतं?
माझं पेन अडलं. खिडकीबाहेर
तळ्यावरून येणारं बर्फ, आणि तू,
वायपर उगाच चालू-बंद करणारा.

"पेन्सिल देऊ?" त्या म्हणाल्या.
"त्या रकान्यात पुष्कळजण पेन्सिलनेच लिहितात."

पेन्सिल घेतली. टोक करत बसले,
गरजेपेक्षा जरा जास्तच.

गाडीत बसल्यावर तू समोर बघत विचारलंस, मग?
टोपी आत राहिली, मी म्हटलं.
कुणाची?
टोबायसची. खुंटीवर.

बराच वेळ तू काही बोलला नाहीस.
मग इंजिन बंद केलंस.