बारा खटके

थंडर बेमध्ये जानेवारीत पारा उणे एकतीसवर गेला
की लोक माझ्याशी फार प्रेमाने बोलतात.
गॅरेजचं दार अडलं म्हणजे गाडी बाहेर,
आणि रात्रभर बाहेर कुडकुडलेली गाडी
सकाळी बापाचंही ऐकत नाही.

सिल्वी कांगासची तक्रार उलटी होती.
दार उघडतं, म्हणाली.
आपोआप. रोज. पावणेसहाला.

शिडी लावली. संशय आधी बल्बवर.
हे नवे स्वस्तातले एलईडी
उजेडापेक्षा कुजबूज जास्त करतात,
रिमोटचा शब्द त्या गलक्यात बुडतो.
बल्ब काढून खिशात टाकला,
आणि उतरताना तिसऱ्या पायरीवर आठवलं
की गलक्याने दार अडतं, उघडत नाही.
चोर सोडून संन्याशाला फाशी.
निमूट वर जाऊन परत लावला.

भिंतीवरचं बटण पाहिलं. वायर पाहिली,
उंदराचे दात कुठे नाहीत.
अँटेना आपली मेलेल्या पालीच्या शेपटीसारखी
लोंबत होती, जशी लोंबायला हवी तशीच.

शेवटी रिमोट उघडला. सत्त्याऐंशी सालचा.
आत बारा खटके, तांदळाच्या कणीएवढे:
वर, वर, खाली, वर,
खाली, खाली, खाली…
हा क्रम कुणी लावला?

"ताउनोने," ती म्हणाली,
आणि खिडकीबाहेर बघितलं.

रस्त्यापलीकडे हिरव्या पत्र्याचं घर.
वाटणीत हिला हे घर, त्याला बोट;
सौनाच्या शेगडीवरून वकिलांची तीन पत्रं.
चार वर्षं तो नदीपलीकडे राहिला,
ऑक्टोबरात समोर आला. भाडं कमी पडतं म्हणे.
दाराची यंत्रं सेलमध्ये जोडीने घेतलेली,
एक इथलं, एक तळ्यावरच्या शेडचं.
शेडचं त्याने सोबत नेलं, इथे बसवलं.
दोघांत इतके खटके उडाले,
हे बारा तेवढे जागचे हलले नाहीत.

धान्याच्या कोठारांवरची पाळी संपवून
तो कोपऱ्यावर वळतो, अंगठा दाबतो,
आणि दोन दारं उघडतात.

मी म्हटलं, सोपं आहे.
एक खटका फिरवायचा. कुठलाही.
रिमोटातला, आणि वरच्या डब्यातला तोच.
कुठला फिरवू?

तिने कॉफी ओतली. वेलदोड्याचा पाव कापला.
"सातवा," म्हणाली.
मी पेनचं टोक टेकवलं.
"नको. सातवा नको."
पाव चांगला होता. मी अजून एक तुकडा घेतला.
"अकरावा."
कारण विचारायचे पैसे मी घेत नाही.

पंच्याऐंशी डॉलर. पावती.
मग व्हॅन गरम करायचं निमित्त करून
पावणेसहापर्यंत तिथेच रेंगाळलो,
काम तपासायला, असं स्वतःला सांगत.
तो आला. त्याचं दार वर गेलं.
इकडचं ढिम्म.
त्याच्या गाडीचे मागचे दिवे
बराच वेळ लाल राहिले.
हिच्या स्वयंपाकघरात
कुणीतरी दिवा मालवला.

पुढच्या आठवड्यात फोन. पुरुषाचा आवाज,
आडनाव कांगास.
त्याचं दार म्हणे रोज सकाळी सात-दहाला
आपसूक उघडायचं, ती कामाला निघायची तेव्हा.
आता उघडत नाही.

म्हटलं, साहेब, आपसूक उघडणं हाच तर बिघाड.
"ते कळतं मला," तो म्हणाला.
मागे केटली शिट्टी घालत होती, तो उठला नाही.
"दुरुस्तीचे किती घ्याल?"

मंगळवार दिलाय.
शिडी न्यायची की नाही,
ठरत नाही अजून.