नोटा तपासायचा दिवा

पतपेढीत खोट्या नोटा ओळखायला
एक जांभळा दिवा आहे, पेनाएवढा.
शनिवारी रोकड जुळली की तो खिशात टाकतो
आणि काळोख पडल्यावर सड्यावर जातो,
चिरेखाणीच्या पलीकडे,
जिथे गवतसुद्धा वीतभर वाढून थांबतं.

पहिल्यांदा गेलो ते मल्लव्वामुळे.
विजापूरकडची. चिरा उचलताना बोटाला लागला,
तांबूस, काडेपेटीत मावेल एवढा.
अर्ध्या तासात हात बर्फ, अंगाला दरदरून घाम, ओकाऱ्या,
छातीत कुणी पहार मारतंय, म्हणाली.
दिलावर सोलकरने रिक्षा व्हाळातून घातली.
आरोग्य केंद्रात गोळ्या, सलाईन,
रात्रभर नर्सचं बोट तिच्या नाडीवर.
वाचली.
चौथ्या दिवशी खिडकीशी उभी, पासबुक पुढे करून:
"तीन खाडे धरले मुकादमानं."
विंचवाबद्दल चकार शब्द नाही.

मला मात्र तो बघायचाच होता.

दिवा लावला. कातळावर एक हिरवा ठिपका.
मग फटीतून दुसरा. मग झुडपाच्या बुडाशी तीन.
मग मी मोजणं सोडलं;
बावीस वर्षं कॅशियर आहे,
मोजणं कधी सोडलं नव्हतं.

बसलेले असतात. नुसते बसलेले.
डोळे नावापुरते, ऐकतात पायांनी.
रातकिडा हातभर अंतरावरून सरकला
की कातळ थरथरतो म्हणे, त्यांच्यापुरता.
मग झेप, चिमटा, संपलं.
भक्ष्य लहान असेल तर नांगी वळतही नाही.
विष पुन्हा साठायला दिवस लागतात,
उधळून चालत नाही.
हे मला कुणी समजावायला नको.

इंगळी निराळी. काळीभोर, आकडे खेकड्याचे,
तिचं पकडीवर भागतं, विष बेताचं.
ज्याचे हात नाजूक, त्याच्या शेपटीला जपावं:
आमच्या चेअरमनना बघून
हे आधीच कळायला हवं होतं.

घरी सुहासिनी माझे जोडे अंगणात आपटते,
"ह्याचा भत्ता मिळतो का?" विचारते.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो
बदली झाली की, टेम्पोत कपाट चढवताना.
परवा ते बिऱ्हाड पाहिलं.
चिऱ्याच्या आडोशाला ती, अंगभर हिरवी पेटलेली,
आणि पाठीवर मात्र काहीतरी फिकट, विझलेलं.
माती वाटली. वाकलो.
पिल्लं होती, पंचवीसेक, एकमेकांवर रेललेली.
पहिली कात टाकेपर्यंत
ती ह्या दिव्यात उजळत नाहीत.
आमच्या काउंटरवर
सगळीच्या सगळी खोटी ठरली असती.

तिने नांगी उचलली.
मारली नाही. उचलून धरली.
मी मुकाट्याने दिवा विझवला,
आणि त्या मिट्ट काळोखात आठवलं
की आज मी
चपला घालून आलोय.