एकसष्ट टक्के

ढेबेमामांनी वही पुढे सरकवली.
लाल कापडी पाठीची, टोळीच्या हजेरीची जुनी वही,
मागची पानं कोरी होती म्हणून:
बुधवार, एकसष्ट. परत.
शनिवार, एकसष्ट. परत.
सोमवार, लाईट गेली, चाळीस. परत.
गुरुवार, एकसष्ट. परत.
आणि समासात, मार्केटात पोती मोजायचे तशा
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.

"बंद करू नका लिहितंय, तर मी नाय केला बंद.
रात्री अकरापर्यंत शटर अर्धं खाली घेऊन बसलो.
मग म्हणतंय, बदल मागे घेत आहोत.
अरे, दिलेस कधी?"

कोपरखैरणे, सेक्टर पाच.
झेरॉक्स, पॅनकार्ड, लॅमिनेशन, सगळे दाखले.
मी नेहमीचं केलं.
सर्व्हिस थांबवल्या, अर्धवट उतरलेलं पुसलं,
एका फोल्डरच्या नावाला शेवटी 'जुना' जोडलं,
प्रिंटरची वायर काढली, अँटिव्हायरस निजवला.
दोष शोधणाऱ्या प्रोग्रामला विचारलं,
तो म्हणाला, अडचण आढळली नाही.
तीन वर्षं हे काम करते.
त्याला ती कधीच आढळलेली नाही.

एकसष्ट.
काळा पडदा. गोल फिरणारे ठिपके.
बदल मागे घेत आहोत.

या वेळी मी नंबर उतरवून घेतला:
शून्य एक्स आठ, शून्य शून्य एफ, शून्य नऊ, दोन दोन.
मामा म्हणाले, "कुणाचा फोन?"

डिस्क पाचशेची, साडेतीनशे मोकळी.
पण सगळ्यांच्या आधी एक खोली असते, शंभर एमबीची.
तिला सी, डी असं अक्षर नसतं, म्हणून ती दिसत नाही.
यंत्र तिथे जागं होतं, मग मोठ्या घरात येतं.
ती गच्च भरली होती.

समजवायला मी वर बोट केलं.
दुकान म्हणजे माथाडींना मिळालेली मूळ खोली,
वरचे तीन मजले मामांचे,
एकेक पोरगं लग्नाचं झालं तसा एकेक चढवलेला.
तिसऱ्यावर एसी, पण कपाट असो, सिलिंडर असो,
सुनेचा पलंग असो,
वर जायचं ते इथूनच, या जिन्यातूनच.
"आणि जिन्यात सायकली," मामा म्हणाले.
हां. जिन्यात सायकली.

त्या खोलीला तात्पुरतं एक अक्षर दिलं, वाय,
आणि आत शिरले.
सायकली नव्हत्या. लिप्या होत्या.
चिनी, दोन तऱ्हेची. जपानी. कोरियन.
जागं होतानाच काही वाईट सांगायची वेळ आली
तर ज्याला त्याला त्याच्या अक्षरात सांगता यावं, म्हणून.
मी खालपासून वरपर्यंत शोधलं.
मराठी नव्हती.
आमचं जे काही वाईट होणार होतं
ते आम्हाला इंग्रजीतच कळणार होतं.

पुसल्या.
खोटं कशाला सांगू, बोट जरा अडखळलं.
ज्यांनी या दुकानात कधी फॉर्म भरला नाही
त्यांची अख्खी बाराखडी, किंवा जे काय असेल त्यांचं ते,
एका बटणाखाली.

साठ.
एकसष्ट.
मामांनी चष्मा काढला.
बाहेर एक बाई रेशनकार्ड धरून उभी होती,
आम्ही बघतोय म्हणून तीही बघू लागली.
बासष्ट.
कुणी काही बोललं नाही.
बाईंनी हळूच विचारलं, "लागला का?"
तिला निकाल वाटला असावा.

सव्वानऊला पडदा उजळला.
तोच नातीचा फोटो, तेच चाळीस आयकॉन.
मामांनी माउस या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन पाहिला.
"काय बदललं?"
"दिसत नाही ते."
"मग एवढं कशाला?"
मी पेनड्राइव्ह पिशवीत टाकत होते, म्हणून सुटले.
"पुढच्या महिन्यात परत एक येईल," एवढंच सांगितलं.

त्यांनी वही ओढली. लिहिलं:
मंगळवार, शंभर.
मग हाताच्या सवयीने पुढे 'प' काढला,
थांबले,
आणि तेवढाच राहू दिला.