पोपटी

चार महिने झाले होते चौलच्या या वाडीत
आणि गाव मला माहीत होतं ते मीटरांवरून.
विहिरीजवळचं, उलटं लावलेलं.
गोठ्यातलं, गांधीलमाश्यांनी धरलेलं.
बंदराकडच्या टोकाचं,
खाऱ्या वाऱ्यानं ज्याची काच आंधळी केलेली.
माणसं म्हणजे बारा आकडी ग्राहक क्रमांक
आणि दारामागून उठणारी कुजबूज:
"लाइटीची बाई आली गो."

रात्री खोलीवर
डब्याच्या झाकणात भात घेऊन
भिंतीकडं तोंड करून जेवायची मी.
भिंतीत एक खिळा होता.
त्याची आणि माझी बरीच ओळख झाली होती.

पौषातल्या एका रात्री गुणाबाई, घरमालकीण,
न विचारता आत आली,
झाकण हातातून काढून घेतलं.
"चल. आज पोपटी हाय."
मला वाटलं, पक्षी.

कापणी झालेल्या खाचरात
एक मडकं डोक्यावर उभं होतं,
तोंडात भांबुर्ड्याचा पाला कोंबलेला,
भोवती पेंढा, झावळ्या, आणि जाळ.
जाळाभोवती पंधरा-वीस अर्धे अर्धे चेहरे.
मी कुणाला ओळखलं नाही.
डोक्यावर हेल्मेट नव्हतं,
त्यामुळं मलाही कुणी.

एका म्हाताऱ्यानं मडक्याच्या बुडावर पाणी शिंपडलं.
चर्र.
"झाली."
"नाय झाली."
"माझ्या बापाला इचार झाली का नाय."
"तुझा बाप कच्चीच खायचा."
हे भांडण माझ्याहून वयानं मोठं असावं.

मग कुठल्याशा निवडणुकीचा जुना फ्लेक्स
उमेदवार खाली करून अंथरला,
वर केळीची पानं, आणि त्यावर
मडकं उपडं केलं.
वाफ. ओवा. खडेमीठ.
वालाच्या शेंगांचा एकच ढीग,
त्यात बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी.
ताट कुणालाच नाही.
जिथं हात पोचेल तिथली शेंग आपली.

माझ्या डाव्या अंगाला एक हात होता.
अंगठ्याचं नख अर्धं तुटलेलं,
तरी न बघता सोलत होता.
"वरची नको घेऊ, करपलीय. खालची काढ.
गाव कुठलं तुझं?"
परभणीकडचं.
"तिकडं समुद्र नाय?"
"नाही. ज्वारी आहे."

आणि मग मी बोलत सुटले.
कितीतरी दिवसांनी इतकी वाक्यं सलग:
आमच्याकडंही याच दिवसांत
शेतात आगटी पेटवतात, गोवऱ्यांची,
कोवळी कणसं भाजतात,
तळहातावर चोळून फुंकर मारली
की हिरवा हुरडा तेवढा उरतो,
वडील पहिली मूठ स्वतः न खाता
बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून देतात,
कुणी का असेना.

तो ऐकत होता. सोलत होता.
"म्हंजे तुमची पन पोपटीच ती."
"म्हणजे तुमचा हा हुरडाच."
पलीकडून कुणीतरी हसलं,
आणि माझ्यासमोरची सालं त्याच्या सालांत
कधी मिसळली ते कळलं नाही.

"नाव काय तुमचं?"
"हिराजी. बंधाऱ्याखालचा."
डोक्यात आपोआप बारा आकडे उमटले.
सुपारीच्या वाडीतला पंप.
दिवाळीच्या आठ दिवस आधी
मीच तार कापली होती.
नंतर त्यानं निम्मे भरले, मीच जोडली.

त्यानं अंडं सोललं, मीठ लावलं,
दोन भाग केले,
मोठा माझ्या हातावर ठेवला.
"पक्कड लय जोरात मारतेस तू," म्हणाला.
मी काहीच बोलले नाही.
"खा. थंड व्हतंय."

फाल्गुनात थकबाकी पुन्हा तेवढीच.
नोटिशीची मुदत संपली.
खांबाला शिडी लावली तेव्हा वारा होता,
खाली भुसभुशीत पुळण,
दुसऱ्याच पायरीवर शिडी कलली
आणि सावरली.
खाली बघितलं.
"उजवीकडं पाय टाक," हिराजी म्हणाला,
"डावीकडं वाळवी लागलीय."

मी तार कापली.
तो शिडी धरून होता.