पान नववे, कृत्तिका

लाल खारव्याच्या बासनातून
अकरा सुटी पानं निघाली, आणि एक वाळकी सुपारी.
लेखक गोविंद त्रिमळ, वस्ती कसबे सोलापूर.
शके सतराशे, पुढचे दोन आकडे कसरीच्या पोटात.

मी सूचीकार. लांबी, रुंदी, ओळी, शाई, एवढंच माझं काम.
पण हा गृहस्थ चित्रं काढत होता:
रोहिणीचा गाडा एकाच चाकाचा,
दुसरं समासात मावलं नाही;
मृगाचं डोकं बरंचसं शेळीचं;
राहूला चक्क गलमिशा,
ओळखीतलाच कुणी असावा.

ग्रहणाच्या पानावर स्पर्श, मध्य, मोक्ष,
घटका-पळांचं चोख कोष्टक
आणि तळाशी, घाईच्या मोडीत:
‘आभाळ भरले. दिसले नाही. गणित बरोबर असावे.’

त्या ‘असावे’पाशी
माझा चहा गार झाला.

नवव्या पानावर कृत्तिका, वस्तऱ्याच्या आकाराच्या.
मजकुरात सहा, आकृतीत सात.
तारा शाईच्या नव्हत्याच. मूळ पोथीखाली पान धरून
त्यानं काट्यानं टोचल्या होत्या, आरपार.
कसरही त्याच पानातून गेली होती, आरपार.
सातांतलं कुठलं भोक आकाशाचं?

भिंगानं कळेना. पान दोन काचांत घालून
साखर पेठेत गेलो, पोशेट्टी दुडमकडे.
चादरींच्या नक्षीचे पत्ते चाळीस वर्षं ठोकलेला माणूस.
बाजूला मागांचा खडखडाट,
त्याचं बोलणं ओठांवरूनच वाचायचं.

“भोक असलं की धागा उठतो, सर.
नसलं की निजतो. मोर काय, कमळ काय,
सगळं एवढंच.”
त्यानं काच ट्यूबलाइटपुढे तिरकी धरली,
एक डोळा मिटला.
“हे सहा माणसाचे. दाबलेत, मागं कड उठलीय, बघा की.
हे किड्याचं. कड नाही. लई साफ काम.”
काच परत देता देता थबकला:
“पण जागा बरोबर धरलीय बे, त्यानं.”

कुणी, ते मी विचारलं नाही.

गड्डा उठून पंधरवडा झाला होता,
होम मैदानावर पाळण्यांच्या खांबांचे खड्डे
अजून कुणी बुजवले नव्हते.
वीज गेली. दूरवर पूर्व भागातले माग
एकेक करत गप्प झाले.
मी वर पाहिलं. चष्म्यासकट पाच, तीही कशीबशी.
सहावी, गोविंद त्रिमळ म्हणतो म्हणून.

घरी येऊन मेणबत्तीपाशी नोंद केली:
पान ९. कृत्तिका. तारा सहा.
आणि पुढे, पेन्सिलीनं,
पुसता येईल इतक्या हलक्या हातानं,
एक टिंब.