तेरा लाखांची काच

माझा मॉनिटर एका बुडालेल्या विमा कचेरीच्या लिलावातला.
खालच्या कडेला त्यांचा नोंदणी क्रमांक अजून चिकटलेला.
बाराशे ऐंशी आडवे, हजार चोवीस उभे,
म्हणजे तेरा लाख ठिपके, वर थोडी मोड.
त्याहून जास्त त्याच्याने होत नाही.

मी ग्राफिक्स कार्डाला सांगतो: बावन्न लाख काढ.
एका ठिपक्याच्या जागी चार काढ,
चौघांचा रंग बघ, मग चारांचा एक कर.
दूध आटवावं तसं चित्र आटव
आणि वाटीत मावेल तेवढंच वाढ.

गोदामातला सेवेरिन म्हणतो,
अरे, त्या पैशात नवा मॉनिटर आला असता.
आला असता.
पण कार्ड आधी मिळालं, सेकंडहँड, स्वस्तात,
आणि पुढच्याच आठवड्यात दाढ किडली.

खेळात एक गाव आहे. तिथे ट्रामची तार
एका छपरापासून दुसऱ्या छपरापर्यंत जाते.
साध्या चित्रात ती जात नाही, तुटत तुटत चालते,
मी पाऊल टाकलं की तिच्यावरून मुंग्या पळतात.
चारपट काढली की तार ती तार.
सेकंदाला एकतीस चित्रं उरतात फक्त,
आणि पंखा असा घोंघावतो की
खालच्या मजल्यावरून केरसुणीचा दांडा वाजतो: ठक, ठक.

फेब्रुवारीतल्या एका रात्री दांड्याऐवजी
स्वतः बोगुमिलाबाईच वर आल्या, सपातांत, अंगावर पुरुषी कोट.
तीस वर्षं कापडगिरणीत, साच्यावर.
भांडायला आल्या होत्या. पडद्यासमोर थबकल्या.
“पुन्हा दाखव. आधीचं. आता हे.”
मी चारपट बंद केलं, चालू केलं, बंद केलं.
दूरच्या जाळीच्या कुंपणावर लाटा उठल्या, विरल्या.

“हे मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या.
“आमची बारीक चौकडी अंगावर घालून
कुणी टीव्हीवर आलं की कोट असाच पोहायचा.
लोक फोन करायचे, टीव्ही बिघडला.
बिघडलेलं काही नसायचं.
वीण पडद्याहून बारीक होती, एवढंच.”
मग बोटांनी हवेतलं काहीतरी चाचपलं.
“गिऱ्हाईक धागे मोजत नाही रे.
आम्ही भिंगाखाली मोजायचो. त्याला फक्त हात लावून कळायचं.”

या शहराच्या नावाचा अर्थ होडी.
वूचमध्ये होडी घालायला नदी दिसत नाही,
ती रस्त्यांखालून नेली आहे, गिरण्यांनी वापरून झाल्यावर.
मी तेरा वर्षं तिच्यावरून कामाला जातो.
मला रात्री कधीकधी वाटतं,
ते गाळलेले एकोणचाळीस लाख ठिपके
असेच कुठेतरी खालून वाहत असणार.
मग वाटतं, नाही, गाळलेलं काहीच नाही.
त्या तारेचा करडा रंग त्यांच्यामुळेच तर करडा आहे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एक फोटो आणला.
आगपेटीएवढा. गिरणीचं फाटक, आठ-दहा बायका,
डावीकडून तिसरी बहीण, वांदा,
चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा, त्यावर टोपीची सावली.
“हिला कर की चारपट.”

मी स्कॅन केला. मोठा केला. दाणे मोठे झाले.
त्यांना सांगावं लागलं:
खेळातलं गाव मला पुन्हा विचारता येतं.
इथे काय आहे, या कोपऱ्यात काय, याच्या अर्ध्यात काय,
ते दर वेळी नव्याने सांगतं.
फोटोला एकदाच विचारलं होतं,
एकोणीसशे सहासष्टमध्ये, ढगाळ उजेडात.
त्याने सांगितलं तेवढं सांगितलं.
पुढे मी काही भरलं तर तो माझा अंदाज असेल, वांदा नसेल.

त्या बराच वेळ दाण्यांकडे बघत राहिल्या.
“डोळे घारे होते,” म्हणाल्या.
“लिहून ठेव कुठेतरी.”

मी फाइलच्या नावात लिहिलं.

काल मी आजारी होतो, मशीन बंद.
अकराच्या सुमारास खालून दांडा वाजला,
एकदाच,
आणि उत्तराची वाट पाहत थांबला.